फोनचा वरचा माइक: कॉल टेस्टमध्ये न सापडलेला दोष

व्हिडिओ काढला की आवाज गढूळ, कॉलवर मात्र समोरच्याला सगळं खणखणीत ऐकू जातं, असा ज्यांचा फोन आहे आणि सर्व्हिस सेंटरवाले ‘ओके आहे’ म्हणून परत पाठवताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं काम शेवटी झालं. पण ज्या काउंटरवर ते अडलं होतं, त्याचा राग अजून गेलेला नाही. दोष पाच मिनिटांत सापडण्यासारखा होता.

मी कोल्हापूरला राहते, गाणं शिकते. आमच्या बाई पुण्याला. रियाजाचा व्हिडिओ काढून त्यांना पाठवायचा आणि त्यांनी ऐकून चुका सांगायच्या, अशी आमची शिकवणी चालते. व्हिडिओच लागतो, कारण तोंड नीट उघडतेय का, मान ताठ होतेय का, हेही त्यांना बघायचं असतं. नवा फोन घेतला, सुरुवातीला सगळं उत्तम चाललं आणि मग एकदा बाईंचा फोन आला, ‘अगं, तोंडावर पदर धरून गातेयस का? तानेतले स्वर सुटे कळतच नाहीत, नुसता घुमारा येतोय.’

ऐकून बघितलं तर खरंच तसं होतं. ‘स’, ‘श’ पुसून गेलेले, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, नाहीच. त्याच फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरवर तीच बंदिश म्हटली, तर आवाज स्वच्छ.

इथेच खरं तर उत्तर होतं. आजच्या फोनमध्ये एकच माइक नसतो. एक खाली चार्जिंगच्या खोबणीशेजारी, एक वरच्या कडेला आणि बऱ्याच फोनमध्ये आणखी एक मागे कॅमेऱ्याजवळ. कॉलवर बोलताना मुख्य काम खालचा माइक करतो. वरचा असतो तो आजूबाजूचा गोंगाट वजा करायला. व्हिडिओ काढताना मात्र वरच्याला पुढे यावं लागतं, आणि स्टिरिओ असेल तर दोन्ही मिळून डावा-उजवा आवाज टिपतात. म्हणजे वरचा माइक गेला तरी शांत खोलीत कॉल सुरळीत होणार. यात कुणाला काही अवघड वाटायला नको.

सर्व्हिस सेंटरला टोकन घेतलं, नंबर आला. काउंटरवरच्या मुलाने मी काय सांगतेय ते पुरतं न ऐकताच स्वतःच्या मोबाइलवरून मला कॉल लावला. ‘हॅलो हॅलो. येतोय आवाज, मॅडम.’ जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर लिहिलं, ‘ऑडिओ प्रॉब्लेम’. फोन ठेवून घेतला, रिसेट मारला, सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि ‘टेस्टेड ओके’ असा शेरा मारून परत दिला. घरी आले, व्हिडिओ काढला, आवाज तसाच गढूळ.

पुन्हा गेले. आता म्हणे, ‘धूळ गेली असेल, साफ करून देतो.’ (माइकच्या भोकात सिमची पिन कधीही घालू नका आणि कुणाला घालू देऊ नका. आतला पडदा फाटला की चांगला माइकही कायमचा जातो. मऊ कोरडा ब्रश वरच्यावर फिरवायचा, एवढंच.) कव्हर आणि स्क्रीनगार्ड काढून मी घरीच तपासलं होतं, कारण जाड कव्हरने वरचं भोक झाकलं जातं आणि तेवढ्यानेही आवाज दबतो. हे सांगितलं तरी साफसफाई झालीच, आणि शेरा तोच.

त्यानंतरचा प्रसंग मला सगळ्यात जास्त लागला. मी बिघडलेला व्हिडिओ त्यांना ऐकवला. तो त्यांनी फोनच्याच स्पीकरवर, भर गर्दीत, वर टीव्ही चालू असताना लावला आणि म्हणाले, ‘चांगला तर येतोय की! कॉल टेस्ट पास आहे, मॅडम. सिस्टिममध्ये फेल दाखवल्याशिवाय पार्ट मागवता येत नाही.’

कॉल टेस्ट पास! अहो, साध्या कॉलमध्ये ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. माझी पट्टी काळी चार, म्हणजे माझा मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्झचा. त्याचा मूळ सूरच त्या पट्ट्यात बसत नाही. वरच्या उपस्वरांवरून कान तो भरून काढतो, म्हणून माणूस ओळखू येतो. आताच्या एचडी कॉलमध्ये पट्टा ५० ते ७,००० हर्ट्झपर्यंत जातो, पण व्हिडिओतला आवाज टिपला जातो तो सेकंदाला ४८,००० नमुने घेऊन, म्हणजे कानाला ऐकू येतं तेवढं सगळं त्यात मावतं. तेव्हा ‘हॅलो’ ऐकू आलं यावरून रेकॉर्डिंग चांगलं आहे असं ठरवताच येत नाही. आणि परीक्षा चालली होती ती तर चांगल्या माइकचीच! हे मी काउंटरवर शांतपणे सांगितलं, मग आवाज चढवून सांगितलं. मागच्या रांगेतल्या एका काकूंनी ‘त्या म्हणताहेत ते एकदा करून तर बघा’ म्हणून माझी बाजूही घेतली. उपयोग झाला नाही. उलट ‘फोनमध्ये पाणी गेलं असेल’ हा मुद्दा निघाला, म्हणजे वॉरंटीच बाद. नशिबाने सिमच्या खाचेतली ओल दाखवणारी पट्टी पांढरीच होती. ती पाणी लागलं की लाल किंवा गुलाबी होते. फोन जमा करण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.

मग मी पुरावाच तयार केला. फोन आडवा धरून व्हिडिओ सुरू केला आणि प्रत्येक भोकाशेजारी नखाने टिचक्या मारल्या, तोंडाने ‘खाली’, ‘वर’, ‘मागे’ म्हणत. मग एकेक भोक बोटाने झाकून तेच वाक्य म्हटलं. व्हिडिओतला आवाज वेगळा काढून संगणकावर ऑडॅसिटीत उघडला. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन पट्ट्या दिसल्या. एकीत भरघोस लाटा, टिचकीचे टोकदार सुळके. दुसरीत जेमतेम थरथर आणि सुळक्यांच्या जागी बोथट फुगवटे. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या उंचीचा आवाज किती आहे ते दाखवणारं चित्र, लावला तर दुसऱ्या पट्टीचा वरचा अख्खा भाग काळा. त्याचा स्क्रीनशॉट घेतला.

हा पुरावा आणि सगळ्या जॉबशीट जोडून कंपनीला ईमेल केला आणि १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मराठीतून बोलता येतं. हे कोर्ट नव्हे. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. पण तक्रार क्रमांक हातात आला की काउंटरवरची भाषा बदलते, हे मी पाहिलंय. जॉबशीटवर नुसतं ‘ऑडिओ प्रॉब्लेम’ लिहू देऊ नका, हे आधीच सांगायला हवं होतं. ‘मागच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ काढताना वरच्या माइकचा आवाज येत नाही, कॉलमध्ये दोष नाही’ असं अख्खं वाक्य लिहायला लावा.

पुढच्या खेपेला आतले वरिष्ठ टेक्निशियन स्वतः बाहेर आले. दार लावून घेतलेल्या खोलीत त्यांनी माझ्या फोनवर आणि त्याच मॉडेलच्या डेमो फोनवर एकच वाक्य रेकॉर्ड केलं, वायरचे इअरफोन लावून दोन्ही ऐकलं आणि लगेच म्हणाले, ‘वरचा माइक गेलाय.’ एवढ्यासाठी इतकं सगळं! माझ्या फोनमध्ये तो माइक मेन बोर्डवरच होता, त्यामुळे बोर्ड बदलला, वॉरंटीत, एक पैसा न घेता.

बाईंनी पुढचा व्हिडिओ ऐकला आणि तानेतला निषाद कुठे उतरतोय ते नेमकं सांगितलं. केवढं बरं वाटलं!

आणखी काही गोष्टी आठवताहेत. रेकॉर्डिंग फोनच्या स्पीकरवर तपासू नका. तेवढ्याशा स्पीकरला खर्ज आणि डग्गा पेलतच नाही. ब्लूटूथ इअरफोनचा माइक वापरून गाणं रेकॉर्ड करू नका, त्यात बहुधा कॉलचाच अरुंद पट्टा मिळतो. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. सेटिंगमध्ये गोंगाट कमी करण्याचा पर्याय असेल तर गाण्यासाठी बंद करा. एकसारखा वाजणारा तानपुरा त्याला गोंगाटच वाटतो आणि तो तानपुराच खाऊन टाकतो.

बोर्ड बदलला तर फोनमधला सगळा डेटा जातो, तेव्हा बॅकअप आधीच घ्या. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, तोही बहुधा बदलतो. काउंटर सोडण्याआधी *#०६# लावून नवा नंबर जॉबशीटवरच्या नंबरशी ताडून पाहा आणि ती जॉबशीट मूळ बिलाला टाचून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी बिल तुमच्या फोनचं नाहीच म्हणतील.