वधस्तंभ आणि एक पंचमांश

ख्रिस्ती श्रद्धेतलं प्रायश्चित्त म्हटलं की बोलणं थेट वधस्तंभावर, म्हणजे येशूच्या क्रूसावर येतं, आणि ते बरोबरच आहे. पण वधस्तंभावर काय झालं हे समजण्यासाठी बायबलच्या नव्या कराराचे लेखक जी भाषा वापरतात ती जुन्या करारातल्या मोशेच्या नियमशास्त्रातून आली आहे. त्या नियमशास्त्रातला एक छोटासा भाग आपल्या प्रवचनांतून जवळपास गायब झाला आहे. लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली पहिली सात वचनं.

प्रसंग रोजच्या व्यवहारातले आहेत. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू कुणी नाकारली, कुणाला लुबाडलं, किंवा हरवलेली वस्तू सापडली आणि ‘माझ्याकडे नाही’ अशी शपथ वाहिली. हा अपराध शेजाऱ्याविरुद्धचा असला तरी वचन म्हणतं की तो परमेश्वराशी केलेला विश्वासघात आहे. पुढे काय करायचं त्याचा क्रम ठरलेला आहे. मूळ वस्तू पुरती परत करायची. तिच्यावर एक पंचमांश जास्त द्यायचा, म्हणजे ५०० शेकेल (वजनाचं जुनं माप) चांदी दाबली असेल तर ६०० शेकेल द्यायची. ती ज्याची त्याच्या हातात, दोषबली, म्हणजे अपराधाबद्दलचं अर्पण, आणण्याच्या दिवशीच द्यायची. मग निर्दोष मेंढा याजकाकडे न्यायचा, याजकाने प्रायश्चित्त करायचं आणि मग क्षमा. गणना पुस्तकाचा पाचवा अध्याय यात दोन गोष्टींची भर घालतो. पाप तोंडाने कबूल करायचं. आणि ज्याचं नुकसान झालं तो उरला नसेल, घ्यायला त्याचा कुणी नातलगही नसेल, तर रक्कम याजकाकडे जमा करायची. घेणारा नाही म्हणून देणारा सुटत नाही.

मेंढा आणि पंचमांश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीने दुसरीची जागा भरत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे. देवाशी तुटलेलं नातं माणूस स्वतः जोडू शकत नाही, ते देवच जोडतो. शेजाऱ्याचं जे घेतलं ते मात्र घेणाऱ्यालाच परत करावं लागतं.

पहिली बाजू सर्वांत तपशिलात दिसते ती लेवीय १६ मधल्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेला. महायाजक आपली नेहमीची भरजरी वस्त्रं बाजूला ठेवतो, स्नान करतो आणि साधी तागाची वस्त्रं घालतो. स्वतःसाठी आणि आपल्या घराण्यासाठी पापबली म्हणून एक गोऱ्हा, होमबली, म्हणजे वेदीवर पूर्ण जाळायचं अर्पण, म्हणून एक मेंढा. लोकांसाठी दोन बकरे आणि एक मेंढा. दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकतात: एक परमेश्वरासाठी, दुसरा अजाजेलासाठी (रानाशी जोडलेलं, अर्थ नक्की नसलेलं नाव). आधी गोऱ्हा, कारण याजक स्वतः पापी आहे आणि स्वतःचं झाल्याशिवाय तो दुसऱ्यासाठी उभा राहू शकत नाही. धूपपात्रात वेदीवरचे निखारे आणि दोन ओंजळी कुटलेला सुगंधी धूप घेऊन तो अंतरपटाच्या, म्हणजे परमपवित्र स्थानापुढच्या पडद्याच्या, आत जातो. धुराने दयासन, म्हणजे कराराच्या कोशावरचं झाकण, झाकलं गेलं पाहिजे, नाहीतर तो मरेल. मग गोऱ्ह्याचं रक्त बोटाने दयासनावर आणि दयासनापुढे सात वेळा शिंपडायचं. त्यानंतर लोकांसाठीच्या बकऱ्याचं रक्त तसंच. मग बाहेर येऊन वेदीच्या शिंगांना रक्त लावायचं आणि वेदीवर सात वेळा शिंपडायचं.

दुसरा बकरा जिवंत. त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून महायाजक इस्राएलाचे सगळे अपराध कबूल करतो आणि नेमलेल्या माणसाबरोबर त्याला रानात सोडून देतो. पापबलीच्या गोऱ्ह्याचं आणि बकऱ्याचं कातडं, मांस, शेण छावणीबाहेर नेऊन जाळतात. लोकांनी त्या दिवशी काम करायचं नाही, उपास करायचा.

यात वाचक बहुतेक वेळा चुकतो तो रक्ताच्या बाबतीत. रक्त म्हणजे रागावलेल्या देवाला दिलेली लाच, असं समजलं जातं. लेवीय १७:११ उलटंच सांगतं: शरीराचा जीव रक्तात असतो, आणि ते रक्त वेदीवर प्रायश्चित्तासाठी ‘मी तुम्हाला दिलं आहे’ असं परमेश्वर म्हणतो. सोय करणारा तोच आहे. शिवाय सोय ऐपतीप्रमाणे आहे. साध्या माणसाने पापबली म्हणून बकरी किंवा मेंढी आणायची. ती परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तीही नसतील तर एफाचा दहावा भाग सपीठ, साधारण दोन लिटर, तेल आणि ऊद न घालता. पिठात रक्त नाही, तरी क्षमा आहे. इब्री लोकांस पत्राच्या ९:२२ मध्ये लेखक ‘जवळजवळ सर्व काही’ रक्ताने शुद्ध होतं असं म्हणतो, त्यातला ‘जवळजवळ’ हा शब्द गाळून ते वचन म्हणण्याची सवय पडली आहे, ती सोडायला हवी.

इस्राएलाच्या परंपरेनेही या दिवसाची मर्यादा ओळखली होती. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे यहुदी तोंडी नियमांच्या संग्रहात, योमा या प्रकरणात स्पष्ट म्हटलं आहे की माणूस आणि देव यांच्यामधल्या पापांसाठी प्रायश्चित्ताचा दिवस पुरतो. माणूस आणि शेजारी यांच्यामधल्या पापांसाठी तो, शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय, पुरत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू हेच सांगतो: वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. ऐकणारे गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमात, १०० किलोमीटरहून दूर. म्हणजे काही दिवस चालत परत जायचं, समेट करायचा आणि पुन्हा तेवढंच चालत यायचं. ऐकणाऱ्यांना हे अंतर माहीत होतं.

आता वधस्तंभ. इब्री लोकांस पत्र लेवीय १६ समोर ठेवूनच येशूच्या मरणाबद्दल बोलतं. महायाजक दरवर्षी आत जात असे, येशू एकदाच गेला. महायाजक दुसऱ्याचं रक्त नेई, येशूने स्वतःचं दिलं. बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापं नाहीशी होणं शक्य नाही, असं दहावा अध्याय सरळ म्हणतो. बळीचं शरीर छावणीबाहेर जाळत, म्हणून येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसलं, असं तेरावा. शुभवर्तमानांत त्याच्या मरणाच्या वेळी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो. ज्या पडद्याआड वर्षातून एकच दिवस, एकच माणूस जात असे, तोच हा.

हे नेमकं ‘कसं’ घडतं याची एकच व्याख्या विश्वासांगीकारात, म्हणजे मंडळीने ठरवलेल्या श्रद्धेच्या कबुलीत, बांधलेली नाही. ३२५ आणि ३८१ च्या परिषदांतून आलेला निकेयाचा विश्वासांगीकार ‘आमच्याकरता आणि आमच्या तारणाकरता’ एवढंच म्हणतो. पहिल्या शतकांतल्या आचार्यांनी खंडणी आणि मृत्यूवरचा विजय या अंगाने मांडलं. मध्ययुगीन धर्मपंडित अन्सेल्मने १०९८ च्या सुमारास देवाच्या सन्मानाची भरपाई या अंगाने, अबेलार्डने माणसाचं मन पालटणारी प्रीती या अंगाने, धर्मसुधारक कॅल्विनने आपली शिक्षा दुसऱ्याने सोसणं या अंगाने. प्रत्येकाला शास्त्राचा आधार आहे. बिघाड होतो तो एकच मांडणी धरून, तीही अर्धीच सांगितल्यावर: बाप चिडलेला, मुलगा निरपराध, आणि बापाचा राग मुलावर निघाला. असं शिकवलं की ऐकणारा येशूवर प्रेम करतो आणि पित्याला घाबरतो. प्रेषित पौल २ करिंथ ५:१९ मध्ये लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. आणि योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो की माझा जीव कुणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन देतो. हे दोन आधार सुटले की शिकवण विद्रूप होते, मग मांडणी कोणतीही असो.

मग पंचमांशाचं काय झालं? लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय भेटतो, यरीहोचा मुख्य जकातदार. तो म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. पंचमांशावर तो थांबत नाही. निर्गम २२ मध्ये मेंढरू चोरून कापणाऱ्याला चौपटीचा दंड आहे. जक्कय स्वतःला चोराचा दर लावतो. हिशेब करून पाहावा. अर्धी मालमत्ता गेल्यावर उरलेल्या अर्ध्यातून चौपट द्यायचं, तर लुबाडणूक मूळ मालमत्तेच्या एक अष्टमांशापर्यंत असेल तरच ते भागतं, आणि तेव्हाही हाती काहीच उरत नाही. तरी क्रम विसरू नये: येशू त्याच्या घरी आधी गेला, जक्कयचं बोलणं नंतरचं. परतफेड करून त्याने येशूला घरी आणलं नाही.

कॅथलिक परंपरेत हा क्रम प्रायश्चित्त संस्कारात टिकला आहे; गोव्यात त्यालाच कुमसार म्हणतात. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने पश्चात्ताप करणाऱ्याच्या बाजूने तीन कृती सांगितल्या: मनापासून दुःख, कबुली आणि भरपाई. आधी विवेकाची तपासणी करायची. गंभीर पापं प्रकाराने आणि संख्येने सांगायची, गोलमोल नाही. मग धर्मगुरूकडून पापक्षमा आणि त्याने नेमून दिलेली प्रार्थना किंवा कृती. इथे चूक अशी होते की तीन ‘नमो मरिया’ म्हटल्या म्हणजे चोरी फिटली असं वाटतं. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ स्वच्छ सांगतो की चोरलेलं परत करायचं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव साफ करायचं, दुखापतीची भरपाई करायची. नाव उघड न करता परत केलं तरी चालतं, आणि मालक सापडतच नसेल तर ते गरिबांकडे जातं, अशी रूढ नैतिक शिकवण आहे. परत करायची तयारीच नसेल तर पश्चात्ताप खरा आहे का, हा प्रश्न धर्मगुरूने विचारायलाच हवा.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अडचण वेगळी आहे. रविवारची सामान्य पापकबुली सगळे एका आवाजात म्हणतात. विचार, शब्द, कृती सगळं त्यात येतं, पण ज्याचं शेत दाबलं तो भाऊ त्यात येत नाही. ‘तारण केवळ कृपेने’ ही शिकवण मला प्राणाइतकी प्रिय आहे, म्हणूनच तिच्या आडोशाने दुसऱ्याचा पैसा राहिलेला पाहवत नाही. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) आधीच्या आठवड्यात पाळकांनी मत्तय ५:२३-२४, म्हणजे वेदीपाशी ठेवलेल्या अर्पणाचं ते वचन, वाचून लोकांना तेवढं काम करायला वेळ द्यावा. बदनामी असेल तर ज्या बैठकीत ती केली त्याच बैठकीत शब्द मागे घ्यावेत, एकांतातली माफी पुरत नाही.

काही नुकसान भरून येतच नाही. दावीद राजाने आपला सैनिक उरीयाला मारवलं. उरीयाला कोण परत आणणार? दावीदाच्या एक्कावन्नाव्या स्तोत्रात म्हणूनच देऊ केला आहे तो यज्ञ नाही, भग्न हृदय आहे. आणि एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: ज्याने सोसलं त्याच्यावर, विशेषतः घरात मार खाणाऱ्या बाईवर, ‘येशूने क्षमा केली, तूही कर आणि परत जा’ असा दबाव टाकणं हे प्रायश्चित्त नाही. लेवीय सहामध्ये सगळी धावपळ अपराध करणाऱ्याची आहे, सोसणाऱ्याला एकही पाऊल टाकायला सांगितलेलं नाही.

पौलाइतकं ठासून वधस्तंभाबद्दल कुणी लिहिलं नाही. पण फिलेमोन या ख्रिस्ती मित्राकडे त्याच्या घरातला दास अनेसिम परत पाठवताना तो ‘ख्रिस्तात सगळं माफ झालं, हिशेब विसर’ असं लिहीत नाही. त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, असं तो लिहितो. आणि पुढे, मी पौल हे स्वतःच्या हाताने लिहितो आहे, मी ते फेडीन.