फॉरेन्सिक वॉर्डचा स्टाफ, काउन्सेलिंग आणि 'घटनेची तारीख'

मी फॉरेन्सिक वॉर्डला नर्स आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाने मानसिक उपचारासाठी आलेले पेशंट. स्टाफसाठी काउन्सेलिंगची सोय आहे, काउन्सेलर पण चांगल्या निघाल्या, पण तिथपर्यंत पोचेस्तोवर अर्जातल्या एका रकान्याने जीव खाल्ला. 'घटनेची तारीख'.

अहो कुठली तारीख टाकू? पेशंट अंगावर धावून आला, मारलं, तर रिपोर्ट होतो, सगळे विचारपूस करतात. माझं तसं काही झालंच नव्हतं. नवीन पेशंट आला की फाइल वाचावीच लागते, कोणाला मारलं, कसं मारलं, अगदी पोस्टमॉर्टेमसकट, आणि मग त्याच माणसाला गोळी द्यायची, गिळली का ते जीभ वर करायला लावून बघायचं, रात्री झोप लागली का विचारायचं. त्यात तो नीट वागला, थँक्यू सिस्टर म्हणाला की अजूनच जड जातं. घरी कुलूप लावलंय का हे परत परत बघायला लागले तेव्हा अर्ज केला.

ऑफिसचं उत्तर, तारखेशिवाय सिस्टिम पुढे जात नाही. खाली 'शारीरिक इजा : हो/नाही'. 'नाही' लिहिलं तर अर्ज 'सामान्य ताण' म्हणून परत, सोबत दीर्घ श्वासाच्या व्हिडिओची लिंक!! संताप झाला नुसता. नुसतं 'बर्नआउट' (कामाने पार थकून जाणं) लिहू नका हां, आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, तो आजार म्हणून धरलेलाच नाही, कामाशी संबंधित अवस्था म्हणून आहे, परत पाठवायला आयतं कारण मिळतं.

शेवटी २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निकषांचं अमेरिकन पुस्तक) मधला पीटीएसडीचा, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाचा, निकष जोडला. कामाचा भाग म्हणून भयंकर तपशील वारंवार समोर येणं हेही त्यात धरलंय. इन्चार्ज सिस्टरांकडून 'फाइलवाचन ड्युटीचा भाग आहे' असं लेखी घेतलं, तारखेच्या जागी वॉर्डला रुजू झाल्याची तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, 'तेव्हापासून सतत'. मंजूर! त्या दिवशी मी कॉलर ताठ करून फिरले.

हो, आधी विचारायचं ते राहिलंच, काउन्सेलरच्या नोंदी वरिष्ठांना दिसतात का ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या. आणि मारहाणीनंतर सगळ्यांना एकदाच बसवून 'बोला बोला' करतात ना, तशी सक्ती करू देऊ नका, त्याने पीटीएसडी टळत नाही. त्यापेक्षा नियमित सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसासोबत कामातल्या अडचणी बोलायची बैठक, मागा, जिथे 'मला या पेशंटची किळस येते' असं म्हटलं तरी कोणी भुवया उंचावणार नाही. आमच्याकडे ते अजून मागणीअर्जातच आहे, आणि त्या अर्जातही तारखेचा रकाना आहेच.