घर नसलेले उंबरठे

रविवार, रात्र

आज बाबांना घेऊन बी-1 या महामार्गाच्या पूर्व टोकापर्यंत जाऊन आले. बर्लिनमधलं आमचं घर या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. भाजी, डॉक्टर, बँक, सगळं याच रस्त्याने. तरी पिवळ्या पाटीवरचा तो काळा एक आकडा कुठून येतो आणि कुठे जातो, हे मी कधी विचारलंच नव्हतं. बाबांनी आल्या आल्या विचारलं. त्यांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात, रस्त्यांवर गेली.

जर्मनीतला रस्ता म्हटलं की सगळ्यांना ऑटोबान, म्हणजे तिथला द्रुतगती मार्ग, आठवतं. बी-1 त्या जातीचा नाही. तो गावागावांतून जातो, सिग्नलला थांबतो. पश्चिमेला आखन, मग डॉर्टमुंड, पाडरबोर्न, ब्राउनश्वाइग, माग्डेबुर्ग, पॉट्सडॅम आणि बर्लिन. मधले काही तुकडे ऑटोबानने गिळलेत. रूर भागात त्याचा ए-40 झालाय. 2010 च्या जुलैत एका रविवारी तो बंद करून जवळपास 60 किलोमीटर टेबलं मांडली होती आणि लाखो माणसं त्या रस्त्यावर जेवायला, गाणी म्हणायला आली होती. मला हे फार आवडतं.

दुसऱ्या महायुद्धाआधी हा राइशश्ट्रासे एक, म्हणजे तेव्हाचा पहिल्या क्रमांकाचा राष्ट्रीय रस्ता, होता. बर्लिनला न थांबता ओडर नदी ओलांडून पार क्योनिग्सबर्गपर्यंत आणि त्याही पुढे लिथुआनियाच्या सीमेपर्यंत जायचा. आता जर्मनीतला रस्ता ओडरवर संपतो. क्योनिग्सबर्गचं कालिनिनग्राड झालं, ते रशियात आहे.

म्यूंखेबर्ग सोडलं की दोन्ही बाजूंना झाडांची रांग लागते. बाबा खिडकीची काच खाली करून बसले होते. झेलोला उतरलो. इथे चढ संपतो आणि समोर ओडरचं सपाट खोरं पसरतं. 16 एप्रिल 1945 ला पहाटे रशियन फौजांनी बर्लिनवरचा हल्ला इथूनच सुरू केला, कारण नदीकडून राजधानीकडे सरळ येणारा रस्ता हाच. चार दिवस लढाई चालली. टेकडीवर सैनिकाचा पुतळा आहे आणि खाली थडग्यांच्या रांगा. बाबा प्रत्येक दगडावरचं जन्मवर्ष वाचत होते. 1925, 1926. "पोरं होती गं," एवढंच म्हणाले.

मग क्यूस्ट्रिन. पूल ओलांडला की पोलंड, गावाचं नाव कोस्चिन. जुनं गाव नदीकाठच्या किल्ल्यात होतं. 1730 मध्ये प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजाने पळून जाऊ पाहणाऱ्या आपल्याच मुलाला, फ्रीडरिकला, इथे कोंडलं आणि त्याचा मित्र काटे याचं डोकं त्याच्या खिडकीसमोर उडवायला लावलं. तोच मुलगा पुढे राजा झाला आणि त्याने 1747 ते 1753 या काळात हे ओडरचं दलदलीचं खोरं कोरडं करून वस्ती वसवली. आम्ही ज्या शेतांमधून आलो, ती त्या कामाची.

1945 च्या सुरुवातीला जुनं गाव पार उद्ध्वस्त झालं आणि पुन्हा बांधलंच नाही. गल्ल्या मात्र आहेत. दगडी फरसबंदी, कडेचे दगड, तळघरांचे खड्डे, आणि दर काही पावलांवर दोन-तीन पायऱ्या. पायऱ्यांच्या वर दार नाही, घर नाही, नुसतं गवत आणि बाभळीसारखी कसलीतरी काटेरी झाडं. बाबा उकिडवे बसले आणि फरसबंदीच्या सांध्यावरून बोट फिरवत राहिले. "काम बघ किती नीट केलंय," म्हणाले.

मग एका पायरीपाशी आले. वर उंबरठ्याचा दगड होता, मधोमध झिजलेला. बाबांनी डावा पाय उचलला आणि दगडावर न ठेवता पलीकडे गवतात टाकला. आमच्या नाशिकच्या घरी टाकतात तसाच. आत जाऊन मिनिटभर उभे राहिले, आणि तसेच उंबरठा ओलांडून बाहेर आले. मी काही बोलले नाही.

परतताना उन्हं कलली होती आणि झाडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. बाबा झोपले. गुडघे दुखले नाहीत तर पुढच्या रविवारी याच रस्त्याने उलट दिशेला, पॉट्सडॅमच्या ग्लिनिके पुलापर्यंत जायचं ठरलंय.