घरखर्चाच्या पॉइंटांवर नाशिक रोड ते एर्नाकुलम

माझी धाकटी बहीण कोचीला राहते. तिचे यजमान नौदलात आहेत आणि नौदलाच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय तिथे असल्यामुळे त्यांची बदली तिकडे झाली. आई-बाबांना तिचा संसार एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. बाबांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली, आईही सत्तरीच्या जवळ आलेली, त्यामुळे साध्या स्लीपरने इतका लांबचा प्रवास करणे शक्य नव्हते. पूर्वी रेल्वेच्या तिकिटावर साठ वर्षांवरील पुरुषांना 40 टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना 50 टक्के सवलत मिळत असे. 20 मार्च 2020 पासून ती थांबवली गेली. त्यामुळे वातानुकूलित डब्याची जायची तिकिटे, येतानाचा विमानप्रवास आणि तिथला मुक्काम असा सगळा खर्च मांडला, तेव्हा तो आमच्या घराला एका वेळी पेलणारा नाही हे स्पष्ट दिसले. घरखर्च क्रेडिट कार्डाने केला की बँक बक्षीस म्हणून पॉइंट देते आणि ते तिकिटे किंवा हॉटेलसाठी वापरता येतात. या पॉइंटांतून त्यातला किती भाग उभा करता येईल, याचा मी त्यानंतर पद्धतशीर विचार सुरू केला. पुढे जे केले ते सविस्तर लिहिते आहे, कारण या विषयावर आपल्याकडे एक तर जाहिराती वाचायला मिळतात किंवा 'कार्डाच्या नादी लागू नका' एवढाच सल्ला मिळतो.

सर्वांत आधी मी प्रवास ठरवला आणि कार्डाचा विचार त्यानंतर केला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. कुठे जायचे हे ठरलेले नसेल, तर पॉइंट नुसते साठत राहतात, त्यांची मुदत संपते किंवा बँक मध्येच त्यांचे मूल्य कमी करते आणि आपल्या हाती काहीच लागत नाही. आमचे ठिकाण ठरलेले होते. दिल्लीहून निघणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिक रोडला थांबते आणि कोकण रेल्वेच्या मार्गाने थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीतच, जाते, त्यामुळे वाटेत गाडी बदलण्याचा प्रश्न नव्हता. परतताना मात्र कोचीहून मुंबईपर्यंत विमानाने यायचे होते, कारण दोन्ही बाजूंचा रेल्वेप्रवास बाबांच्या गुडघ्यांना झेपला नसता. म्हणजे मला रेल्वेचे, विमानाचे आणि हॉटेलचे असे तीन प्रकारचे पॉइंट हवे होते, आणि ते नेहमीच्याच खर्चातून यायला हवे होते. पॉइंट मिळतात म्हणून एकही वस्तू जास्तीची घ्यायची नाही, असे आम्ही दोघा नवरा-बायकोने आधीच ठरवले होते.

मग वर्षभराचा घरखर्च वहीत मांडला. त्यात किराणा, औषधे, मुलाची फी, महावितरणचे बिल, विम्याचे हप्ते, पेट्रोल आणि दिवाळीची खरेदी हे सगळे आले. प्रत्येक कार्डाच्या अटी वाचल्यावर त्यातला बराच भाग गळून पडला. पेट्रोल, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि सरकारी भरणा यांवर बहुतेक कार्डे पॉइंट देत नाहीत, तर वीजबिल आणि विमा यांवर अनेक कार्डांनी मर्यादा घातलेली आहे. जाहिरातीत दिसणारा टक्का सगळ्या खर्चाला लागू पडत नाही. तो लागू पडणारा खर्च आपल्या घरात किती आहे, हे ज्याचे त्यानेच काढावे लागते. कार्डासाठी अर्ज करण्यापूर्वी मी माझा क्रेडिट अहवालही, म्हणजे कर्जे आणि कार्डाची बिले कशी फेडली याची नोंद, मागवला. अशी नोंद ठेवणाऱ्या देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून दरवर्षी एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तो पाहिल्याशिवाय एकामागून एक अर्ज करत सुटणे योग्य नव्हे.

पहिले कार्ड आयआरसीटीसी आणि एसबीआय कार्ड यांचे एकत्रित घेतले. आयआरसीटीसीवरून वातानुकूलित वर्गाची तिकिटे काढल्यास या कार्डावर कमाल 10 टक्क्यांपर्यंत मूल्य पॉइंटांच्या रूपात परत मिळते, आणि एक पॉइंट म्हणजे एक रुपया असा त्याचा सरळ हिशेब आहे. माझ्या यजमानांना कामानिमित्त दिल्लीला जावे लागते. ती तिकिटे ते स्वतःच काढतात आणि पैसे कंपनीकडून नंतर घेतात, त्यामुळे हे पॉइंट आपोआप जमत गेले. दुसरे कार्ड रुपे या देशी पेमेंट जाळ्यावरचे घेतले, कारण 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते आणि आमच्या घराचा मोठा खर्च दुकानांतल्या क्यूआर कोडवरच होतो.

हे क्यूआरचे प्रकरण थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. इंदिरानगरमधल्या आमच्या किराणा दुकानात मी पहिल्यांदा क्रेडिट कार्ड निवडून पैसे पाठवले, तेव्हा ते लगेच जमा झाले आणि गल्ल्याशेजारच्या डबीने रक्कमही मोठ्याने सांगितली. दुकानदार मात्र थोडे साशंक होते. 'ताई, यावर आमचे पैसे कापले जातील का?' असे त्यांनी विचारले. छोट्या दुकानदारांकडून दोन हजार रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क घेतले जात नाही, हे मी त्यांना सांगितले आणि त्याहून मोठी रक्कम असेल तेव्हा नेहमीप्रमाणे बँक खात्यातून देण्याचे आम्ही ठरवून टाकले. भाजीबाजारात मात्र हे जमत नाही. तिथल्या बऱ्याच विक्रेत्यांचा क्यूआर त्यांच्या वैयक्तिक बचत खात्याचा असतो आणि क्रेडिट कार्ड केवळ व्यापारी म्हणून नोंदवलेल्या क्यूआरवरच चालते, त्यामुळे ॲप तो व्यवहार पुढे जाऊच देत नाही. दूधवाल्या काकांचीही तीच अडचण. अशा ठिकाणी पॉइंटांसाठी कुणालाही आग्रह करू नये असे मला मनापासून वाटते.

व्याजाचा मुद्दा इतका गंभीर आहे की तो आकड्यांतच मांडते. समजा महिन्याचे बिल 40,000 रुपये आले आणि देय तारखेला फक्त किमान रक्कम भरली. महिन्याला साडेतीन टक्के दराने साधारण 1,400 रुपयांच्या घरात व्याज लागते, त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, शिवाय पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्याच 40,000 रुपयांवर मिळणारे पॉइंट फार तर चार-आठशे रुपयांचे असतात. म्हणून दोन्ही कार्डांची पूर्ण थकबाकी खात्यातून आपोआप वळती होईल अशी सूचना मी पहिल्याच दिवशी बँकेला दिली. ज्यांना दर महिन्याला पूर्ण बिल भरणे शक्य नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता पॉइंटाच्या किमतीबद्दल. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेचे मर्म इथेच आहे. एकाच कार्डावरचा एकच पॉइंट वेगवेगळ्या ठिकाणी वेगळ्या किमतीला खपतो. काही कार्डांवर तो बिलात वळता केला तर 20 पैशांचा होतो आणि विमान किंवा हॉटेलसाठी वापरला तर 50 पैशांचा, तर एखाद्या विमान कंपनीच्या खात्यात वळवून नेमक्या तारखेला वापरला तर त्याहूनही अधिक मोल मिळते. मी प्रत्येक वेळी एकच हिशेब करत असे. तिकिटाच्या रोख किमतीतून पॉइंट वापरूनही भरावे लागणारे कर वजा करायचे आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांनी भागायचे. उदाहरणार्थ, तिकीट 6,000 रुपयांचे असेल, पॉइंटांच्या तिकिटावरही 1,000 रुपये कर भरावा लागत असेल आणि 10,000 पॉइंट लागत असतील, तर पॉइंटाला 50 पैसे मिळाले. याच्या खाली किंमत उतरत असेल तर मी रोख पैसे देऊन पॉइंट राखून ठेवले. काही बँका पॉइंट वापरताना दर वेळी 99 रुपये आणि त्यावर जीएसटी आकारतात, म्हणून थोडे थोडे वापरण्यापेक्षा एकदम वापरणे परवडते. मिक्सर, घड्याळे, बॅगा दाखवणाऱ्या यादीकडे मी फिरकलेच नाही. तिथल्या वस्तूंची बाजारातली किंमत पाहिली की पॉइंट किती स्वस्तात जातात ते लक्षात येते.

एका बँकेने मध्यंतरी एका तिमाहीचे पॉइंट जमाच केले नाहीत. ग्राहक सेवेने 'सिस्टीममध्ये दिसतील' असे सांगून वेळ मारून नेली. मी स्टेटमेंटवरचा प्रत्येक व्यवहार, त्याच्या अटीतले कलम आणि अपेक्षित पॉइंट असा तक्ता करून लेखी तक्रार नोंदवली. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क तक्रार करता येते, याचाही त्यात उल्लेख केला. तिथपर्यंत जावे लागले नाही. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडून पत्र आले आणि राहिलेले पॉइंट खात्यात पडले. हे शक्य झाले ते दर महिन्याला पॉइंटांची नोंद वहीत ठेवल्यामुळे.

रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी सुरू होते, त्यामुळे सकाळी आठला मी तयारीत बसले होते. इथे एक गोष्ट ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. लोअर बर्थचा कोटा ज्येष्ठ प्रवासी एकटे असतील किंवा एका तिकिटावर असे दोघेच असतील तरच मिळतो. म्हणून आई-बाबांचे तिकीट मी स्वतंत्र काढले आणि माझे वेगळे. दोघांनाही खालचे बर्थ मिळाले. आई-बाबांचे भाडे रेल्वेच्या पॉइंटांतून गेले आणि माझे तिकीट मी त्याच कार्डावर रोख किमतीला घेतले, म्हणजे त्यावरही नवे पॉइंट आले.

विमान आणि हॉटेल यांत अधिक सावधपणा लागला, कारण बँकेचे पॉइंट एकदा विमान कंपनीकडे किंवा हॉटेल साखळीकडे वळवले की ते परत आणता येत नाहीत. एअर इंडियाच्या संकेतस्थळावर आम्हाला हव्या त्या दिवशी पॉइंटांवरची तिन्ही आसने उपलब्ध आहेत याची खात्री केल्यानंतरच मी पॉइंट वळवले. या तिकिटांवर मूळ भाडे माफ होते, पण कर आणि विमानतळाचे शुल्क रोख भरावे लागले. बाबांसाठी व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करून टाकली. बहिणीचे क्वार्टर वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, त्यामुळे मुक्काम हॉटेलातच करणे भाग होते. मॅरियट हॉटेल साखळीच्या 'बॉनव्हॉय' या पॉइंट योजनेत सलग पाच रात्री पॉइंटांवर घेतल्या तर एका रात्रीचे पॉइंट लागत नाहीत, म्हणून मुक्काम पाच रात्रींचा ठेवला. दिवसभर आई-बाबा बहिणीकडे असत आणि रात्री आम्ही परत येत असू. जेवणखाण, रिक्षा, फोर्ट कोचीला जाताना वॉटर मेट्रो या बोटसेवेचे तिकीट हा सगळा खर्च अर्थातच खिशातून झाला.

मुंबईला उतरल्यावर पुढचा प्रवास एसटीने केला. पंच्याहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना एसटीत मोफत प्रवास आणि स्त्रियांना अर्धे तिकीट ही राज्याची सवलत असल्यामुळे बाबांचे तिकीट शून्य रुपयांचे निघाले आणि आईचे व माझे निम्म्या दराचे. कसलेही कार्ड न लागणाऱ्या अशा सवलती आधी पाहाव्यात, असे मी आता सगळ्यांना सांगते, कारण पॉइंटांच्या हिशेबात गुंतलेली माणसे नेमक्या याच विसरतात.

परत आल्यावर दुसऱ्या कार्डाचे वार्षिक शुल्क लागण्याची वेळ जवळ आली होती. पुढच्या वर्षीचा आमचा खर्च ते शुल्क माफ होण्याच्या मर्यादेपर्यंत जाणार नव्हता, म्हणून शिल्लक पॉइंट यजमानांच्या एका विमान तिकिटासाठी वापरले आणि मग कार्ड बंद करण्याची विनंती लेखी पाठवली. कार्ड बंद केल्यावर उरलेले पॉइंट बहुधा बुडतात, म्हणून हा क्रम पाळावा लागतो. थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास बँकेला ग्राहकास दररोज 500 रुपये द्यावे लागतात. आमचे कार्ड मुदतीत बंद झाल्याचा संदेश आला. रेल्वेचे कार्ड ठेवले आहे, कारण यजमानांचे दिल्लीचे दौरे सुरूच आहेत आणि आईने आता बहिणीला पुढच्या वर्षी दिवाळीला नाशिकला बोलावले आहे. तिच्या परतीच्या तिकिटाचे पॉइंट त्यातूनच काढायचे ठरले आहे.