हलव्याला काटा यायचे दिवस

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या मंडळाचा आनंद मेळावा संक्रांत आणि रथसप्तमी यांच्या मधल्या एखाद्या रविवारी भरायचा. दुपारी चारला नारळ फुटायचा आणि सातच्या सुमारास टेबलं आवरायला घ्यायची. एवढाच काय तो कार्यक्रम. पण त्या तीन तासांसाठी आमचं घर, आणि गल्लीतली निम्मी घरं, मार्गशीर्षापासून कामाला लागलेली असायची. मला आज मेळाव्यापेक्षा ते आधीचे दिवसच जास्त आठवतात.

कुणी काय करायचं हे मंडळानं कधी ठरवून दिलं नाही. ते घराघरांचं ठरलेलं असे. समोरच्या काकूंच्या बटल्याच्या, म्हणजे मटाराच्या, कचोऱ्या, माडीवरच्या वहिनींच्या गुळाच्या पोळ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचे दुसुतीवर भरलेले रुमाल आणि क्रोशाची तोरणं. एक मावशी वर्षभर फावल्या वेळात फुलवाती आणि वस्त्रमाळा करून डबे भरून ठेवायच्या. दुसऱ्या एका घरातून गव्हल्या आणि मालत्या यायच्या, इतक्या बारीक आणि एकसारख्या की बघणाऱ्याला त्या हातावर वळल्यात हे खरं वाटू नये. कुणाकडे काय मिळणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं, तरी बायका टेबलापाशी जाऊन विचारायच्याच, "यंदा काय आणलंय हो?"

आमच्या घरचे हलव्याचे दागिने.

हलवा आजी करायची. नुसत्या साखरेची ती गोष्ट आहे, पण तिला थंडी लागते. माळव्यात पौषात रात्री चांगला गारठा पडतो, तो पडला की आजी शेगडी पेटवायची. निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर, त्यावर परात, परातीत मूठभर भाजलेले तीळ. शेजारी एकतारी पाक. पाक उकळताना त्यात चमचाभर दूध घालून वर आलेली मळी ती काढून टाकायची, म्हणून तिचा हलवा पांढराशुभ्र व्हायचा. मग तिळांवर चमचाभर पाक टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ परातीत गोल गोल फिरवत राहायचं. पाक सुकला, दाणे सुटे झाले, की आणखी एक चमचा. पुन्हा फिरवायचं. घाई करून दोन चमचे टाकले की दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. आच वाढली की साखर पिवळी पडते आणि भुकटी होऊन खाली बसते. आभाळ आलेलं असेल तर काटा येतच नाही. अशा दिवशी आजी परात झाकून ठेवायची आणि दुसरं काम काढायची.

पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे दिसतात. दुसऱ्या दिवशी ते फुगतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा, एकेका दाण्यावर टोकं दिसायला लागतात. तो काटा. तो पहिल्यांदा दिसला की आजी आम्हा सगळ्यांना हाक मारायची. दाणा तळहातावर घेऊन उजेडाकडे धरायचा, बारीक बारीक सुळे चमकताना बघायचे, आणि मग तो तोंडात टाकायचा. दुकानातला रंगीत हलवाही आम्ही खात होतो, पण त्याचा काटा जिभेला लागत नाही, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

तीळ झाले की खसखस, मग साबुदाणा, मग हरभऱ्याची डाळ. दाण्याप्रमाणे हलव्याचा आकार, आणि आकाराप्रमाणे दागिना. खसखशीच्या हलव्याची नथ. तिळाच्या हलव्याचं मंगळसूत्र, त्यात काळे मणी. साबुदाण्याच्या हलव्याचे हार आणि बाजूबंद. डाळीच्या मोठ्या हलव्याचा कंबरपट्टा. हे काम आईचं. हलव्याला भोक पाडता येत नाही, तो फुटतो. म्हणून पांढऱ्या दोऱ्याचा फास करून दाणा त्यात अडकवायचा आणि गाठ ओढायची; दोरा काट्यांच्या मधे नेमका बसतो. एक दाणा, एक गाठ. रात्रीची जेवणं झाली की आई दिव्याखाली बसायची आणि मी तिच्यासमोर ताटलीत दाणे निवडत बसायची, एका मापाचे एकीकडे. बोलणं फारसं नसे. मधेच ती म्हणायची, "हा बघ, हा मधोमध घालू, पेंडंट होईल," आणि एखादा टपोरा दाणा बाजूला ठेवायची.

मुकुट मात्र वडिलांचा. ते कापड गिरणीत हिशेबनीस होते, आणि अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघायच्या तेव्हा ते दोन महिने संध्याकाळी झांकीच्या कामाला थांबायचे. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, रात्रभर चालणारी ही झांक्यांची मिरवणूक गिरणी कामगारांनी उभी केलेली आहे. पुढे गिरण्या एकेक करून बंद झाल्या, हुकुमचंद मिल 1991 साली बंद झाली, तरी कामगारांनी वर्गणी काढून झांक्या चालू ठेवल्या. तर पुठ्ठा कसा वाकवायचा, सोनेरी कागद सुरकुती न पाडता कसा चिकटवायचा, चमकी कुठे लावली तर लांबून दिसते, हे सगळं वडील तिथे शिकले होते. बोरन्हाणासाठी मुलाचा मुकुट आणि बासरी, मुलीची बिंदी, नव्या सुनेसाठी बाजूबंदाची बैठक आणि वाक्या, सगळ्याचे पुठ्ठे ते एका रविवारी कापून ठेवायचे. दिवसभर आकडे लिहिणारा माणूस कात्री हातात घेतली की शीळ घालायला लागायचा.

आजीचं दुसरं काम गोधड्यांचं. तिच्याकडे जुन्या माहेश्वरी साड्या होत्या. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी केली आणि विणकरांना तिथे वसवलं, तेव्हापासून ही साडी आमच्या भागातल्या घराघरात. किल्ल्याच्या दगडावरची नक्षी आणि नर्मदेच्या लाटा तिच्या काठात येतात. राजधानी 1818 नंतर इंदूरला आली, पण माग महेश्वरलाच राहिले. या साडीच्या काठाला बुगडी म्हणतात, आणि ती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, उलटी-सुलटी भेद नाही. साडी विरली तरी काठ टिकतो. आजी तो काठ उसवून गोधडीच्या चारी बाजूंना लावायची, त्यामुळे तिची गोधडी कुठल्याही बाजूनं अंगावर घेतली तरी चांगलीच दिसायची. आत जुनं धोतर, जुनी लुगडी, आणि वरून धावदोरा, बोटाच्या पेराएवढा टाका. दर वर्षी मेळाव्याला एकच गोधडी जायची आणि ती पहिल्या अर्ध्या तासात संपायची. एकदा तर नारळ फुटायच्या आधीच एका बाईंनी तिच्यावर हात ठेवला आणि नारळ फुटेपर्यंत काढला नाही.

मेळाव्याच्या दिवशी मंडळाच्या अंगणात शाळेतून आणलेली बाकं आणि टेबलं लागायची. प्रत्येक टेबलावर घरून आणलेली चादर, पुढे पुठ्ठ्यावर रंगीत खडूनं लिहिलेली पाटी. पैसे थेट द्यायचे नाहीत, दाराशी कूपन घ्यायची, मंडळाचा शिक्का मारलेली. संध्याकाळी कूपन मोजून ज्याचे त्याला पैसे, थोडा वाटा मंडळाला. आईच्या हातात ती पाकिटातली रक्कम यायची तेव्हा ती आधी आजीकडे द्यायची, आजी ती देवापुढे ठेवायची. आईनं त्यातून एका वर्षी शिवणाचं मशीन घेतलं. हप्त्यावर नाही, रोख. तिचं स्वतःचं. त्या मशीनवर तिनं नंतर कितीतरी घरांची झबली-टोपडी शिवली.

खायच्या टेबलांवर गर्दी जास्त. इंदूरकर खाण्यापुढे कशाला थांबत नाही. बटल्याच्या कचोऱ्या कढईतून निघायच्या आणि परातीत टेकायच्याही आत जायच्या. गराडू नावाचा कंद तळून त्यावर लिंबू आणि जिरावण, म्हणजे इंदुरी मसाला. पोह्यांची मात्र दोन टेबलं असत, आणि ती शेजारी शेजारी. एकावर आपले घरचे पोहे, फोडणी, कांदा, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. दुसऱ्यावर वाफेवर ठेवलेले इंदुरी पोहे, बडीशेपेचा वास, वर शेव आणि जिरावण, सोबत जिलेबी. ज्येष्ठ मंडळी पहिल्या टेबलाला मान द्यायची, पोरं दुसऱ्याकडे धावायची. मी दोन्ही खायची. एवढ्या पिढ्या इथे काढल्यावर आपल्या स्वयंपाकघरात खोबऱ्याच्या वाटीशेजारी जिरावणची डबी असणारच. मला ते फार चांगलं वाटतं. जिरावण तरी सगळ्यांच्या घरचं कुठे एकसारखं असतं? आमच्याकडे त्यात आमचूर आणि काळं मीठ जरा जास्त, समोरच्या काकूंकडे लवंगेचा झणका.

मुलांचा वेगळाच उद्योग चालायचा. संक्रांतीला माळव्यात गिल्ली-डंडा खेळतात, तो खेळ रथसप्तमीपर्यंत गल्लीत चालूच असे. मेळाव्यात पोरं हातानं तासलेल्या गिल्ल्या विकायला बसायची, बाभळीच्या, दोन्ही टोकं नीट निमुळती केलेल्या. वडीलमाणसं मुद्दाम त्या विकत घ्यायची आणि घरी नेऊन परत त्याच पोरांना द्यायची.

दिवेलागणीला हळदीकुंकू. काळ्या चंद्रकळा नेसलेल्या नव्या सुना पाटावर बसायच्या, त्यांच्या अंगावर आमच्या घरचे पांढरे दागिने. आजी मागे भिंतीशी उभी राहायची, पुढे यायची नाही. पण कुणी "हा हलवा कुणाचा?" असं विचारलं की दहा बोटं तिच्याकडे वळायची. घरात वर्षभर जे काम कुणी बोलून दाखवत नाही, पोळी मऊ झाली तर झाली, गोधडी ऊबदार आहे तर आहे, त्याच कामासमोर त्या संध्याकाळी अख्खी गल्ली थांबायची, हातात घेऊन बघायची, भाव विचारायची, कसं केलं ते विचारायची. मी लहान होते तरी आजीचा चेहरा त्या वेळी कसा व्हायचा ते मला कळत होतं.

आता तयार दागिने बाजारात मिळतात, एका फोनवर घरी येतात, आणि ते घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. सगळ्यांकडे चार-पाच थंड रात्री मोकळ्या नसतात. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी मात्र एकदा परात शेगडीवर ठेवून बघावी. शेगडी नसली तर गॅस अगदी बारीक करून, खाली तवा ठेवूनही होतं.

आमच्याकडे आता हलवा माझी सून करते. ती उज्जैनकडच्या माळवी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला हलवा ठाऊक नव्हता, पण तिचा हात तयार होता. लहानपणी श्राद्धपक्षात रोज भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे माळव्यातल्या मुली काढतात ती चित्रं, मांडलेली. छाबडी, सातिया, आठ पाकळ्यांचं फूल, डोकरा-डोकरी, शेवटी किलाकोट, आणि वर गुलबाक्षीच्या, कण्हेरीच्या पाकळ्या एकेक चिकटवलेल्या. रामबागेतल्या आम्हा मराठी मुलींनीही मैत्रिणींच्या भिंतीवर संजा काढलेली आहे, त्यामुळे आमचं तिथेच जमलं. पहिल्या वर्षी परातीशी बसली तेव्हा तिनं मला एकच विचारलं, "आई, चमचा भरून टाकायचा की अर्धाच?" मी म्हटलं, "अर्धाच टाक. वेळ आहे आपल्याकडे."

दागिन्यांच्या रचनेत ती आता तिच्या मनाचं घालते. गेल्या वर्षी बाजूबंदावर तिनं हलव्याचं आठ पाकळ्यांचं फूल केलं, मधे एक लाल मणी. मेळाव्यात तेच आधी गेलं, आणि तसेच आणखी तीन बाजूबंद हवेत म्हणून तिघींनी नावं लिहून दिली. मुलगा पुठ्ठे कापतो, आजोबांची जुनी कात्री अजून चालते. यंदा टेबल कुठलं मिळावं यावर घरात बोलणी चालू आहेत. मी कचोऱ्यांच्या शेजारचं मागितलंय, तिकडे गर्दी असते. सून म्हणते तेलाचे हात दागिन्यांना लागतील, त्यापेक्षा दाराजवळचं बरं. तिचंच ऐकावं लागणार असं दिसतंय.