पावणेदोनशे टक्के

आईला हल्ली शंभर टक्के दिसत नाही. डोळ्यांचं नव्हे, ब्राउझरचं म्हणतोय.

परवा दुपारी पेन्शनचा कसलासा फॉर्म भरायचा होता. "मुंग्या सोडल्यात की काय रे पानावर?" म्हणाली. मी कंट्रोल धरून अधिकचं बटण दाबत गेलो. 110, 125, 150, 175. "हां, आता माणसासारखं दिसतंय."

दिसत होतं खरं, पण 'पुढे' हे बटण गायब! वरची निळी पट्टी, जी कितीही सरकवा जागची हलत नाही, ती फुगून पाऊण वीत झालेली. खाली सूचनांची दुसरी पट्टी, तीही तशीच ठाण मांडून. दोघींच्या फटीत आईचा फॉर्म, जेमतेम तीन ओळींचा. मेनू तर तीन आडव्या रेघांत जाऊन लपलेला. त्यात पानाची तरी काय चूक? 1366 रुंदीचा आमचा पडदा 175 टक्क्यांवर त्याला जेमतेम 780 चा वाटतो. आपण आता छोट्या जागेत आलो असं समजून ते आवराआवर करतं. ज्यांना 'मावेल तसं बसा' सांगितलंय ते खाली सरकतात. ज्यांना 'इथंच राहा' सांगितलंय ते राहतात.

आमच्या गावभागातल्या घरात ही आवराआवर मी पाहिलीय, 2005 च्या पुरात. आयर्विन पुलापाशी 45 फूट म्हणजे धोका, हे सांगलीच्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तशा गाद्या माळ्यावर गेल्या, पलंग विटांवर, शिलाई मशीन पलंगावर. "आधी पीठ!" आई ओरडत होती. "आधी देव," आजी. शेवटी दोन्ही एकाच टोपलीतून वर गेले, देवांच्या अंगाला ज्वारीचं पीठ. फक्त लोखंडी कपाट हलेना. चौघांनी जोर लावला, मग अण्णा म्हणाले, "राहू दे त्याला." राहिलं. पाणी ओसरल्यावर दारावर गुडघ्याच्या वर एक तपकिरी रेघ. नंतर दोनदा रंग दिला, तरी दुपारचं ऊन तिरपं आलं की ती दिसते. आम्हाला तरी.

मी स्वतः सगळं 90 टक्क्यांवर बघतो. एका नजरेत मावलं पाहिजे, नाहीतर जीव गुदमरतो. आईला ते पटत नाही. "मावलं, पण वाचलं का?"

शेवटी वाचायला 175 आणि बटण दाबायला 150, असा तह झाला. दर प्रश्नाला वर-खाली. फॉर्म गेला बहुतेक. तळाशी बारीक अक्षरांत काहीतरी उमटलं, तोवर मी लॅपटॉप मिटायच्या बेतात होतो. आई कपाटाला टेकून चष्मा पुसत होती.

"थांब," म्हणाली, "ते मोठं कर जरा."