माल नाही
नोव्हेंबर 2024. हरभऱ्याची पेरणी तोंडावर. धामणगावला खताचा रेक, म्हणजे मालगाडी, लागला, त्यातली डीएपी खताची 40 पोती माझ्या वाट्याला आली अन् शटर उघडायच्या आधीच दुकानासमोर दीडशे माणूस. दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र आहे माझं. अनुदानाचं खत द्यायचं तर शेतकऱ्याचा अंगठा मशीनवर उमटावा लागतो; माझा निम्मा दिवस त्यातच जातो, हे बाहेरच्याला पटत नाही. कापूस वेचून वेचून बोटांच्या रेघा गेलेल्या. अंगठा आधी दुपट्ट्यानं पुसायचा, मग डोक्याच्या तेलात घासायचा, मग मशीनवर जरासा आडवा टेकवायचा. ही आडव्याची युक्ती माझी. मशीन शिकवायला आलेल्या पोरालाही येत नव्हती.

साडेदहाला पोती संपली. "माल नाही" म्हटलं की लोक काय समजतात ते मला ठाऊक आहे. गोदामात थप्पी लावून हेच म्हणणारे आमच्यात थोडे नाहीत. 1350 च्या पोत्यासोबत नको ती बाटली गळ्यात मारणारेही आहेत.

एक म्हातारे काकाजी हलेचनात. "काऊन नाही आला माल?"

कारण खरं होतं, पण सांगताना थापच वाटत होती. तांबड्या समुद्रात येमेनचे हूथी बंडखोर जहाजांवर क्षेपणास्त्रं टाकतात, म्हणून खताची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून 6,500 किलोमीटर जास्तीचं चालून येऊन राहिली. वरून चीननं निर्यात आवळलेली.

"समुद्र काय त्याइच्या बापाचा आहे?"

एमपीएससीत घातलेली तीन वर्षं पहिल्यांदा कामी आली. 1982 चा समुद्र कायदा काढला. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, ही त्या त्या देशाची हद्द. बाब-अल-मांदेबची चिंचोळी सामुद्रधुनी जेमतेम 30 किलोमीटरची. दोन्हीकडच्या हद्दी भिडल्या, मधात मोकळं पाणी उरलंच नाही. तरी येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजाला वाट द्यावीच लागते.

"म्हणजे वहिवाट," काकाजी म्हणाले. "वावराचा धुरा त्याचा, पण बंडी अडवता येत नाही."

इतकं नेमकं तर आमच्या क्लासच्या सरांनाही सांगता आलं नव्हतं. मी चेकाळलो. भारतानं 1995 मध्ये हा कायदा मान्य केला, 2014 मध्ये बंगालच्या उपसागरातल्या वादात लवादानं बांगलादेशला मोठा वाटा दिला तोही निमूट मानला, सगळं सांगितलं.

"हारून गुमान बसले?" त्यांच्या धुऱ्याच्या रस्त्याची केस तहसीलमध्ये नऊ वर्षं तारखाच खाऊन राहिली होती. "मंग तिथला तहसीलदार कोण?"

जर्मनीत हॅम्बुर्गला समुद्र कायद्याचं कोर्ट आहे, पण ते मुख्यतः देशांच्या भांडणासाठी, अन् हूथींना देश म्हणून कोणी फारसं मानत नाही. मी नौदलावर गेलो. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आयएनएस कोलकातानं 'रुएन' जहाजावरचे 35 सोमाली चाचे धरून मुंबईला आणले होते.

"चाचे आले," काकाजी म्हणाले. "खत नाही आलं."

डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट खताची दोन पोती घ्यायला ते कसेबसे तयार झाले. पोतं दाखवायला मागं नेलं, तर ताडपत्रीखाली डीएपीची चार पोती. त्यांनी काठीनं ताडपत्री जराशी उचलली.

"हे कोणत्या समुद्रातून आले, बाबू?"

माझ्या वावरासाठी होती. सकाळीच माझ्या अंगठ्यानं मशीनवर चढवलेली, बिल फाडलेलं, नियमानं चोख. मी बिल दाखवायला गल्ल्याकडे गेलो. परत आलो तर त्यांनी सुपरचं एक पोतं बंडीत टाकलंही होतं.